मुक्या प्राण्यांवर दया : हा धडा लहानपणींच कां?

पाठ : नीतिसूत्रें १२:१०

ह्या वचनांत नीतिमान मनुष्याची एक साधी खूण सांगितली आहे. ती ही कीं, त्याला आपल्या गुराढोरांच्या जिवाची काळजी असते. ही खूण मनुष्याच्या ठायीं केव्हां उमटते, ह्याचा आपण विचार करूं.

अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत १७२० सालीं जन्मलेला जॉन वुलमन हा क्वेकर पंथाचा भक्त होता. त्यानें आपल्या रोजनिशींत लिहिलें आहे कीं, लहानपणीं त्यानें घरट्याजवळच्या एका पक्षिणीला खेळाखेळांत धोंडे मारिले व ती मेली. आईवांचून पिलें तडफडून मरतील असें मनांत येऊन त्यानें झाडावर चढून तींही मारिलीं. तेव्हां वरील वचनाचा उत्तरार्ध त्याच्या मनाला झोंबला. मोठेपणीं तोच वुलमन गुलामगिरीविरुद्ध बोलत फिरला. १७७२ सालीं इंग्लंडांत असतां, घोड्यांना मरेपर्यंत पळवितात म्हणून तो डाकगाडींत बसला नाहीं, पायींच चालला.

पण प्रत्येक मुलानें आधीं जीव घेऊन मगच शिकावें काय? तसें नको म्हणून इंग्लंडांत १८७५ सालीं क्याथरीन स्मिथीज ह्या बाईंनीं मुलांचा ‘बँड ऑफ मर्सी’, म्हणजे दयासंघ, काढिला. १८८२ सालीं जॉर्ज एंजेल व पाद्री टॉमस टिमिन्स ह्यांनीं अमेरिकेंत बॉस्टन शहरीं तोच उपक्रम सुरू केला. संघांतील मूल वचन देई कीं, आपण सर्व प्राण्यांशीं ममतेनें वागूं व इतरांच्या क्रूरपणापासून त्यांस वांचविण्याचा यत्न करूं. ह्या वचनाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ‘मारूं नको’ हें मूल ऐकतें आणि विसरतें; परंतु मुक्या जिवाचा कैवार ज्यानें एकदां घेतला, त्याचा हात सहसा त्यावर उठत नाहीं.

तरी नुसत्या वचनानें काम होत नाहीं. शाब्बाथ शाळेंत दयेचा पाठ झाला, आणि घरीं बापानें जूं लागून चिघळलेल्या बैलाला पराणी टोंचली, तर मूल पराणीपासूनच शिकेल. आपल्या देशांत १९६० सालीं प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. कायदा हात अडवितो. अंतःकरण मात्र घरींच घडतें. तसेंच, बैलावर दया आणि गड्याला शिव्या, ही दया अर्धी होय. वुलमनच्या ठायीं दोन्ही दया एकाच मुळांतून फुटल्या.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं हा पाठ सांगून थांबूं नये. प्रत्येक मुलाला एक काम नेमून द्यावें. कोणी गुरांना वेळेवर पाणी पाजावें, कोणी घरट्यांची राखण करावी, कोणी कुत्र्याला धोंडा मारणाऱ्या सोबत्याला गोडीनें आवरावें. पुढल्या रविवारीं त्याचा जाब विचारावा.

प्रश्न :
१. वुलमनला लहानपणीं काय कळलें, व पुढें त्याचें फळ काय झालें?
२. आपल्या गोठ्यांत कोणत्या जनावराला आज आपल्या दयेची गरज आहे?