अक्षयनीवी : समाजाचा कायम निधी आणि अनुदानाची रीत

दान ही दहा पारमितांपैकी पहिली पारमिता होय. आपल्या वस्त्यांतून, विहारांतून आणि मंडळांतून दानाची वृत्ती कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. १४ एप्रिल जवळ आला की पावतीपुस्तके निघतात. वैशाख पौर्णिमेला खीरदान होते, वर्षावासात भोजनदान होते, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गाड्या ठरतात. रोजंदारीवरचा माणूसही आपल्या खिशाला न परवडणारी रक्कम हसतमुखाने देतो. परंतु जून महिना उजाडतो, बारावी झालेल्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळतो, फीची तारीख चार दिवसांवर येते, आणि मंडळाच्या पेटीत तेव्हा काही नसते. मग पुन्हा धावाधाव, पुन्हा वर्गणी. पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरली जाते. दुसऱ्या वर्षाचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

जमा झालेले दान वर्षभर, किंबहुना पिढ्यान्‌पिढ्या, कामास यावे यासाठी काय करावे लागते, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. जगात यासाठी ‘कम्युनिटी फाउंडेशन’ नावाची संस्था उभी राहिली. आपण तिला ‘समाज-प्रतिष्ठान’ म्हणू. तिचे मूळ तत्त्व मात्र आपल्याच मातीत, आपल्याच लेण्यांत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलेले आहे.

नाशिकच्या लेण्यातील हिशेब

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आज ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथे, दहा क्रमांकाच्या विहारात प्राकृत भाषेतील एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने भिक्षुसंघाला दिलेल्या दानाची ही नोंद. त्यात त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिल्याचे म्हटले आहे. अक्षयनीवी म्हणजे कधीही न संपणारे भांडवल. ही रक्कम त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने ठेवली. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट लिहिले आहे.

विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०! दात्याने गरज आधी मोजली, त्यावरून व्याज ठरविले आणि व्याजावरून मुद्दल ठरविले. शिवाय हे सारे निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविले गेले.

या एका लेखातून चार तत्त्वे मिळतात. मुद्दल अक्षय ठेवावे. त्याचा विनियोग कशासाठी, हे आकड्यानिशी ठरवावे. पैसा सांभाळणारा आणि पैशाचा लाभ घेणारा वेगळा असावा. आणि व्यवहार चारचौघांत जाहीर व्हावा. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे समाजाच्या पैशाचा विश्वास हाताने काम करणाऱ्यांवर टाकला जात होता, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवली पाहिजे.

आधुनिक समाज-प्रतिष्ठानाचा उगम

आधुनिक काळातील पहिले समाज-प्रतिष्ठान अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९१४ साली स्थापन झाले. फ्रेडरिक गॉफ हे तेथील एका ट्रस्ट बँकेचे अध्यक्ष. त्यांच्यापुढे एक अडचण होती. अनेक धनिक आपल्या मृत्युपत्रात दानाची रक्कम ठेवीत. पण तिचा उपयोग इतक्या काटेकोर शब्दांत बांधून ठेवीत, की काळ बदलल्यावर ती रक्कम कोणाच्याच उपयोगी पडत नसे. समजा, एखाद्याने गावातील घोड्यांच्या पाणपोईसाठी पैसा ठेवला आणि गावात घोडेच उरले नाहीत, तर त्या पैशाचे काय करायचे? मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसांच्या गरजा अडवून धरतो.

गॉफ यांनी तोडगा काढला तो असा. अनेक दात्यांचे निधी एका छत्राखाली आणावेत. पैसा बँकेने सांभाळावा. पण व्याज कोणत्या कामाला द्यावे, हे शहरातील जबाबदार नागरिकांच्या समितीने ठरवावे. आणि दात्याने सांगितलेला हेतू कालबाह्य झाला तर त्या रकमेला नवा हेतू देण्याचा अधिकार समितीला असावा. प्रतिष्ठानाजवळ सुरुवातीला वाटण्यासारखा पैसा नव्हता. म्हणून त्याने आधी शहरातील शाळांची, नंतर न्यायव्यवस्थेची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केले. गरज ओळखणे हेही दानाचेच काम आहे, हा धडा त्यातून मिळतो.

कॅनडातील विनिपेग येथे १९२१ साली असेच प्रतिष्ठान एका बँकरच्या १ लाख डॉलरच्या देणगीने सुरू झाले. त्यानंतरची देणगी आली ती १९२४ साली, एका पाकिटातून. आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि चिठ्ठीवर एका विधवेची अल्प भेट असल्याचे लिहिले होते. नाव नव्हते. लक्षाधीश आणि नाव न सांगणारी स्त्री, दोघांचा पैसा एकाच निधीत मिसळला आणि एकाच कामाला लागला. समाज-प्रतिष्ठान या शब्दाचा खरा अर्थ हाच. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टच्या रूपाने या पद्धतीचा प्रयोग सुरू झाला.

निधीचे प्रकार

अशा संस्थेकडे साधारणतः चार प्रकारचे निधी असतात. पहिला सर्वसाधारण निधी. याचे व्याज कोणत्या कामाला द्यावे हे समिती दरवर्षी ठरविते. दुसरा विषयनिधी, दाता केवळ क्षेत्र सांगतो, जसे शिक्षण किंवा आरोग्य. तिसरा नामित निधी. आई-वडिलांच्या स्मरणार्थ ठराविक शिष्यवृत्ती, ठराविक ग्रंथालय इत्यादी. चौथा सल्लानिधी, यात दाता आपल्या हयातीत सूचना करू शकतो, पण अंतिम निर्णय संस्थेचा असतो. या चारांत पहिला निधी सर्वांत उपयुक्त आणि जमविण्यास सर्वांत कठीण. कारण त्यावर दात्याचे नाव कोरलेले नसते.

अनुदान कसे दिले जाते

मदत आणि अनुदान यांत फरक आहे. घर जळाले, पूर आला, तर ताबडतोब हाती देतो ती मदत. ठरविलेल्या कामासाठी, ठरविलेल्या मुदतीत, लेखी अटींवर आणि हिशेब देण्याच्या बोलीवर देतो ते अनुदान. त्याच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे असतात.

१. विषय ठरविणे : यंदा कोणत्या कामाला प्राधान्य द्यावयाचे, हे वस्तीची पाहणी करून आधीच जाहीर करावे. अर्ज आल्यावर नियम बनवू नयेत.

२. अर्ज मागविणे : अर्ज एक-दोन पानांचा, मराठीत व सोपा असावा. काय करणार, कोणासाठी, किती दिवसांत, खर्च किती, त्यातील स्वतःचा वाटा किती आणि काम पूर्ण झाले हे कशावरून ओळखावे, एवढे प्रश्न पुरेत. अर्जाची सूचना विहाराच्या फळ्यावर लागावी. ओळखीच्या चार घरांतच फिरू नये.

३. छाननी व भेट : कागदपत्रे तपासून दोघा सदस्यांनी प्रत्यक्ष जागेवर जावे. अभ्यासिका काढू म्हणणाऱ्यांकडे जागा आहे काय, वीज आहे काय, संध्याकाळी किल्ली कोणाकडे असते, हे गेल्याशिवाय कळत नाही.

४. निर्णय : समितीत महिला असाव्यात, एखादा शिक्षक असावा, हिशेब जाणणारा असावा. ज्याचा नातेवाईक अर्जदार आहे, त्या सदस्याने त्या चर्चेच्या वेळी बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. नाकारलेल्या अर्जदारालाही कारण लेखी कळवावे.

५. करारपत्र व हप्ते : रक्कम बँकेमार्फत, दोन किंवा तीन हप्त्यांत द्यावी. पहिल्या हप्त्याचा हिशेब आल्यावर दुसरा हप्ता द्यावा.

६. अहवाल : काम संपल्यावर खर्चाच्या पावत्या आणि एक पानाचा अहवाल घ्यावा. काम फसले असेल तर ते का फसले, हे लिहिण्याची मोकळीक असावी. खोट्या यशापेक्षा प्रामाणिक अपयश पुढच्या समितीला अधिक शिकविते.

एक काल्पनिक हिशेब

समजा, एका संस्थेची ३०० सभासद कुटुंबे आहेत आणि प्रत्येक कुटुंब दरमहा १०० रुपये देते. वर्षाचे ३,६०,००० होतात. पाच वर्षांत १८,००,००० रुपये मुद्दल उभे राहते. मुदत ठेवीवर शेकडा ६ टक्के व्याज धरल्यास वर्षाला १,०८,००० रुपये मिळतात. त्यातील १५ टक्के, म्हणजे १६,२०० रुपये, मुद्दलात परत टाकले आणि लेखापरीक्षण, टपाल, छपाई यांसाठी ७,८०० ठेवले, तर ८४,००० उरतात. प्रत्येकी १२,००० प्रमाणे सात विद्यार्थ्यांची सोय होते, आणि ती दरवर्षी होते.

यात एक सावधगिरी हवी. महागाईमुळे रुपयाची किंमत घटते. १८ लाखांत वर्षाला केवळ १६,२०० ची भर म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. म्हणून मुद्दल उभे राहिल्यावर वर्गणी बंद करून चालणार नाही. कार्षापणांचा निधी जसा विणकरांच्या श्रमावर जिवंत होता, तसा आपला निधी सभासदांच्या सातत्यावर जिवंत राहील.

कायद्याच्या बाबी

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करावी लागते. दरवर्षी हिशेब तपासून घेणे, विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज देणे आणि आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता न विकणे, ही विश्वस्तांची कर्तव्ये आहेत. आयकराची सवलत हवी असल्यास त्या खात्याकडे स्वतंत्र नोंदणी लागते; आणि वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावी, हा सर्वसाधारण नियम आहे. कायम निधीसाठी दिलेली देणगी त्याच हेतूने दिल्याचे दात्याकडून लेखी घ्यावे, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाते.

परदेशी गेलेल्या आपल्या बांधवांच्या देणग्यांबाबतही दक्षता हवी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी विदेशी अंशदान ठरते. ती घेण्यासाठी २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आवश्यक आहे. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून देता येत नाही.

अनुदान आणि स्वाभिमान

बाबासाहेबांच्या जीवनातच अनुदानाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत लेखी, अट लेखी : शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. त्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. परंतु १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा साठवून आणि मित्रांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ निघाले होते. परंतु पुढे नियमित आधाराअभावी ते पत्र टिकले नाही.

बाबासाहेबांची जिद्द असामान्य होती, म्हणून ते परत जाऊ शकले. आपल्या वस्तीतील नर्सिंगच्या मुलीकडून आपण तशी अपेक्षा करायची काय? अभ्यासक्रम चार वर्षांचा असेल तर अनुदान चार वर्षांचे मंजूर करावे. सात जणांना अर्धवट देण्यापेक्षा तिघांना शेवटपर्यंत द्यावे. आणि घेणाऱ्याला व्यासपीठावर उभे करून फोटो काढण्याचा आग्रह धरू नये. अनुदान ही कृपा नव्हे. समाजाने आपल्याच लेकरांवर केलेली ती गुंतवणूक आहे. त्या बदल्यात हिशेब मागावा, पण उपकाराची भाषा बोलू नये.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला आपल्या मिळकतीचे चार भाग करण्याचा उपदेश आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. कुटुंबाला जो नियम, तोच समाजाला लागू करावा. जयंतीच्या जमाखर्चातून दरवर्षी चौथा हिस्सा जरी कायम निधीकडे वळविला, तरी पुढच्या पिढीला जूनमध्ये हात पसरावे लागणार नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. नाशिकच्या लेखातील १,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा पाऊण दराने वर्षाचे व्याज किती होईल?

२. मदत आणि अनुदान यांतील फरक आपल्या वस्तीतील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

३. आपल्या मंडळाच्या गेल्या वर्षीच्या जमाखर्चातून कायम निधीसाठी किती रक्कम काढता आली असती, हे आकड्यानिशी मांडा व कार्यकारिणीपुढे ठेवा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते आपल्या मंडळाच्या हिशेबवहीत आहे.

जय भीम!