स्वयंपाकघरातील फडताळे आणि ग्राहकाचा हक्क

पूर्वी आपल्या घरांत भांडीकुंडी भिंतीतील कोनाड्यांत, मांडणीवर किंवा लाकडी फडताळात असत. सुतार दारी येई, काम डोळ्यांदेखत होई, आणि खोट निघाल्यास त्यालाच पुन्हा बोलाविता येई. हल्ली हैदराबादेत कारखान्यात तयार झालेली फडताळे ओट्याखाली व भिंतीवर बसविण्याची रीत पडली आहे. त्यांस लाखांनी पैसा लागतो, व पुष्कळ घरांत तो निवृत्तीच्या पुंजीतून जातो. असे काम वर्षाच्या आत बिघडल्यास कुटुंबाने काय करावे, याचा येथे विचार करू.

ग्राहकाच्या हक्कासाठी आपल्याकडे पुष्कळ खटपट झालेली आहे. पुण्यास १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यात दोन कल्पना महत्त्वाच्या आहेत : वस्तूतील दोष आणि सेवेतील उणीव. समजा, एका कुटुंबाने २ लाख ८० हजार रुपये देऊन फडताळे बसवून घेतली. करारात पाण्याला टिकणारे प्लायवूड लिहिले होते. पहिल्याच पावसाळ्यात मोरीजवळच्या फळ्या फुगल्या, आणि वरचा पापुद्रा सुटताच आत लाकडी भुशाचा पार्टिकल बोर्ड दिसला. हा वस्तूतील दोष झाला. दारे तिरकी बसविली, खण अडकू लागले, वारंवार कळवूनही कोणी आले नाही, तर ती सेवेतील उणीव. विक्रेता बहुधा म्हणतो, "पाणी तुम्हीच सांडले." म्हणून पुरावा हवा. तो असा जपावा :

१. करारात मालाची प्रत स्पष्ट लिहून घ्यावी. आय. एस. ३०३ हे सर्वसाधारण उपयोगाच्या प्लायवूडचे व आय. एस. ७१० हे सागरी प्लायवूडचे मानक आहे. 'उत्तम माल' एवढेच लिहिलेले पुढे उपयोगी पडत नाही.

२. पक्की पावती घ्यावी व पैसे हप्त्याने द्यावेत. शेवटचा हप्ता काम तपासल्यावरच द्यावा.

३. दोष दिसताच छायाचित्रे घ्यावीत, लेखी तक्रार करून तिची प्रत ठेवावी. फुगलेली फळी फेकून देऊ नये. आयोग दोषाच्या परीक्षणासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

४. प्लायवूड आपणच आणून सुताराकडून केवळ मजुरीने काम करविले असेल, तर मालाचा जाब दुकानदारास व कारागिरीचा सुतारास विचारावा लागतो.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून पुष्कळजण गप्प बसतात. पण सदोष माल पावतीत नमूद मुदतीत, आणि मुदत नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

लेखी मागणीने काम न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर सल्ला घ्यावा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार येथे चालते, व ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. विक्रेत्याचे कार्यालय परगावी असले तरी ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाता येते. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. पुढे पुढे ढकलण्यातच पुष्कळांचा हक्क बुडतो. आयोग दोष काढून देण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत परत करण्याचा वा नुकसानभरपाईचा हुकूम करू शकतो. त्याने समाधान न झाल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील आहे.

ग्राहकानेही न्यायाने वागावे. आपल्या निष्काळजीपणाचे खापर कारागिरावर फोडू नये, आणि चांगल्या कामाचा पैसा अडवू नये.

पैगंबर महंमदसाहेबांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तो आतील धान्य ओले लागले. तेव्हा ओला भाग लोकांस दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले, अशी हदीस आहे. चकचकीत पापुद्र्याखाली भुसा दडविणाऱ्यास हाच प्रश्न विचारावयाचा आहे. तो शांतपणे, पण लेखी आणि वेळेत विचारावा.