आर्द्रेचा तारा

आमच्या वीर गावी आर्द्रा म्हणजे पाऊस, लावणीची घाई. आर्द्रा हा ताराही आहे, हे मला कॉलेजात कळले. मार्गशीर्षात खळ्यावर राखणीला असता तो तांबडा काक्षी मी बाबांना दाखविला.

तारे वायू व धुळीच्या ढगांतून जन्मतात. गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते, त्यावर ते तेवतात. सूर्याला हे इंधन सुमारे दहा अब्ज वर्षे पुरते. काक्षीसारखा जड तारा मात्र ते काही कोटी वर्षांच्या आतच उधळतो. मग गाभ्यात लोखंड साचते. त्यातून ऊर्जा निघत नाही. गाभा क्षणार्धात कोसळतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. २०१९च्या अखेरीस काक्षी मंदावला, तेव्हा हीच वेळ आली असे अनेकांना वाटले. निघाली त्यानेच टाकलेली धूळ!

"फुटल्यावर पावसाचं कसं?" बाबांनी विचारले.

तारा असो वा नसो, सूर्य २२ जूनच्या सुमारास आर्द्रेत येणारच, असे मी म्हणालो.