आधी घरून निघायची वेळ ठरवा

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. लेक अमेरिकेत असलेले बुलडाण्याचे आईबाप एवढंच पाठ करतात. आमच्या जिल्ह्यात मात्र प्रवासी विमानतळच नाही, तेव्हा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून मांडावा लागतो.

आम्हा दोघांची तिकिटं एजंटाने दोन वेगळ्या कंपन्यांची काढली होती. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगर ते मुंबई आणि मध्यरात्रीनंतर मुंबई ते न्यूयॉर्क. पहिलं विमान रखडलं. मुंबईत सामान घेऊन, टॅक्सीने दुसऱ्या टर्मिनलला पोहोचलो तोवर काउंटर बंद. दोन्ही तिकिटं स्वतंत्र, म्हणून पुढच्या कंपनीच्या लेखी आम्ही सरळ गैरहजर. जातानाचा प्रवास हुकला म्हणून परतीचं तिकीटही रद्द झालं.

म्हणून सांगतो, विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. मग पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकलं, तरी दुसऱ्या विमानात बसवून देणं कंपनीकडे येतं. ते जमत नसेल तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठा आणि आदल्या रात्रीची रेल्वे धरा. सकाळी मुंबईत पोहोचलात की गाडी चार-पाच तास लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही.

तारीख दोनदा वाचा. 15 तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे 14 तारखेच्या रात्री दहा वाजता विमानतळावर हजर. पंधराच्या संध्याकाळी बॅगा भरत बसलात, तर विमान केव्हाच गेलेलं असतं.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, म्हणजे सहा तास नव्हेत. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून खरे साडेपंधरा. हिवाळ्यात तिथली घड्याळं आणखी तासभर मागे जातात. येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, त्यामुळे वेळ थोडा कमी लागतो. मार्गही कायमचा नसतो. एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या कित्येक उड्डाणांना वळसा पडला. म्हणून जुन्या प्रवाशाने सांगितलेल्या तासांवर विसंबू नका.

वयस्कर मंडळींसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

आता बेरीज करा. रात्री आठला बुलडाणा सोडलं, दुसरा दिवस मुंबईत काढला आणि मध्यरात्रीनंतर विमानात बसलो, तर न्यूयॉर्कला उतरेपर्यंत जवळजवळ पंचेचाळीस तास होतात. औषधं, डबा आणि मुंबईतला मुक्काम याच आकड्यावरून ठरवा. एजंटाकडे जाताना विमानाची वेळ विचारण्याआधी आपण घरून केव्हा निघू शकतो ते सांगा. तिकीट त्यानंतर काढा.