किडींचे नातेगोते आणि विभागून केलेली संगणना

कपाशीच्या बोंडात अमेरिकन बोंडअळी आढळते, तशीच गुलाबी बोंडअळीही. पीक एक, नुकसानीची जागा एक. म्हणून दोन्ही किडी जवळच्या नात्यातील असाव्यात, असा समज होतो. वस्तुतः अमेरिकन बोंडअळी नॉक्टुइडी कुळातील असून मक्यावरील लष्करी अळी तिच्याच कुळातील आहे. गुलाबी बोंडअळी मात्र गेलेचिइडी कुळातील. टोमॅटोवरील टुटा नागअळी व बटाटा पोखरणारी अळी हे तिचे जवळचे नातेवाईक होत.

अशी नाती तपासण्यासाठी शरीररचनेबरोबरच निरनिराळ्या प्रजातींच्या जनुकांची तुलना करून वंशवृक्ष मांडला जातो. अडचण गणिताची आहे. केवळ 10 प्रजातींची मांडणी 20,27,025 प्रकारे होऊ शकते. 20 प्रजातींसाठी ही संख्या 21 अंकी होते. सर्व शक्यता तपासणे अशक्य असल्याने संगणक निवडक मार्गांनी उत्तम वृक्षाचा शोध घेतो. त्यानंतर मूळ माहितीतून यादृच्छिक नमुने घेऊन हाच शोध शेकडो वेळा पुन्हा केला जातो. एखादी शाखा 100 पैकी 95 वेळा आढळली, तर तिला माहितीचा भक्कम आधार आहे, असे मानतात.

यातील प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. एकीचे उत्तर येईपर्यंत दुसरीला थांबावे लागत नाही. म्हणूनच हे काम अनेक संगणकांवर वाटून देता येते. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या ‘लॅटिस’ प्रकल्पात संस्थांचे संगणक व स्वयंसेवकांचे रिकामे असलेले संगणक जोडून पतंग-फुलपाखरांच्या वंशवृक्षाची अशी संगणना करण्यात आली.

शेतीच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. नवी कीड आल्यास तिचे नैसर्गिक शत्रू कोठे शोधावेत, याची दिशा तिच्या ज्ञात नातेवाइकांवरून मिळते. तथापि नाते म्हणजे एकरूपता नव्हे. कामगंध सापळ्यातील ल्युअर त्या-त्या प्रजातीचाच वापरावा लागतो.

हजारो संगणक जोडले, तरी चुकीच्या नमुन्यातून योग्य उत्तर निघत नाही. जनुकीय तपासणीसाठी कीड फॉर्मेलिनमध्ये न ठेवता 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. पीक, गाव व दिनांक यांची चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीतच टाकावी. वंशवृक्षाची विश्वासार्हता शेतातील या लहानशा बाटलीपासूनच सुरू होते.