जायफळ राहू दे, काळोख कर

अगो, चार महिन्यांचं पोर रात्री तीनदा उठतं म्हणून तू रडकुंडीला आलीस, ते कळतंय मला. पण खरं सांगू का? या वयात ते उठणारच. सहा महिन्यांपर्यंत त्याला अंगावरच्या दुधावाचून दुसरं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि एवढंसं पोट ते कितीसं! शिवाय दूध आणणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त तयार होतं, तेव्हा रात्रीचं पाजणं तुझ्याही फायद्याचं. शेजारणीचं बाळ एका झोपेत सकाळ करतं म्हणे. करू दे.

आता ते जायफळ. बाळ निजावं म्हणून गुटीत दोन वेढे जास्त उगाळ, असं सासूबाई म्हणाल्या ना? आपल्याकडे नारळी-पोफळीच्या बागांत जायफळ पिकतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची ‘कोकण सुगंधा’ नावाची जातही काढली आहे, म्हणून ते घरचंच वाटतं. पण बघ, त्यात मिरिस्टिसिन असतं. जास्त झालं तर गुंगी येते, छाती धडधडते. आणि एका वेढ्यात किती उतरलं, ते सहाणेला कुठे कळतं? बासुंदीत घाल, बाळाला नको. मधाचं बोटही वर्षाच्या आत नको. सासूबाईंशी वाद मात्र घालू नकोस हं. गावची आशा सेविका सहाव्या महिन्याला घरी येईलच, त्याआधीच तिला गाठ आणि सासूबाईंसमोर विषय काढ. मी माझ्या सासूबाईंशी स्वतः भांडले होते, नंतर कितीतरी दिवस आमच्या कालवणात मीठ जास्त पडत होतं.

मग करायचं काय? त्याला दिवस आणि रात्र वेगळी करून दाखव. बाळाच्या अंगातलं घड्याळ दोन ते चार महिन्यांत लागायला लागतं, आणि ते उजेडावर लागतं. सकाळी त्याला घेऊन पडवीत बस. दुपारी निजलं म्हणून दारं-खिडक्या लावून घेऊ नकोस, मिक्सर वाजला तर वाजू दे. दिवेलागणीनंतर मात्र टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. अंग पुसायचं, पाजायचं, एकच गाणं म्हणायचं, रोज त्याच क्रमाने. रात्री पाजताना झिरोचा दिवा आणि तोंडाला कुलूप. मी रात्री दोनला लेकीशी गप्पा मारायचे, मग ती खिदळायची आणि मी रडायचे!

आणि गं, जरा कुरकुरलं की झडप घालू नकोस. तान्ह्याची झोप पन्नासेक मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. दोन फेऱ्यांच्या मध्ये बाळं वळवळतात, कण्हतात, डोळे मिटूनच तोंड वेडंवाकडं करतात. तू उचललंस की जागं झालंच. थोडं थांब, पुष्कळदा आपसूक निजतं. डोळे जड झाले की पूर्ण निजायच्या आधीच खाली ठेवायची सवय लाव. मांडीवर निजलेलं पोर जागं झालं की मांडीच शोधणार.

झोळीत रात्रभर ठेवू नकोस, मान छातीवर वाकते. सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर निजव. उशी नको, जाड गोधडी नको. आपल्या मुचकुंदीच्या खाडीकाठी डासांना काय तोटा, तेव्हा मच्छरदाणी हवीच. पण बंद खोलीत धुरी किंवा कॉइल लावू नकोस. ताप आला, दूध ओढेनासं झालं किंवा उठवूनही उठेना, तर मात्र झोपेचा विचार सोड आणि सरळ डॉक्टर गाठ.

सहा महिन्यांनंतर बऱ्याच बाळांचं रात्रीचं उठणं हळूहळू कमी होतं. काही वर्षभर उठतात, तीही धडधाकटच असतात.

राहिला तुझा नवरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर, म्हणजे दोन महिने तो रात्री घरातच. पहिली हाक त्याची. लंगोट बदलायचा, बाळ तुझ्याजवळ आणून द्यायचं, पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. ‘मला जमत नाही’ म्हणेल. काळोखात जाळं ओढता येतं ना, मग लंगोटही बांधता येईल. ऐकत नसेल तर फोन दे त्याच्याकडे, मी बोलते.