जपानच्या हॉटेलात उतरताना: माणसं किती, ते आधी सांगा

जपानमध्ये हॉटेलचा दर बऱ्याच ठिकाणी माणशी असतो, नुसत्या खोलीवर नाही. तोक्योच्या निशी-कासाई भागात बरीच वर्षं राहणारी आपली मंडळी नव्याने येणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सांगतात.

नोकरीसाठी आलात तर पहिले काही दिवस कंपनी बहुधा बिझनेस हॉटेलात उतरवते. खोली इतकी लहान, की मोठी बॅग जमिनीवर उघडली तर पलंगावरूनच पलीकडे जावं लागतं. पलंग ‘सेमी-डबल’ असला की दोघं सहज मावतील असं वाटतं. मावतातही. पण बुकिंग एकाचं असेल, तर तिथे दुसऱ्याने राहायचं नाही. पत्नी मागाहून येणार असेल, तर तारीख ठरताच काउंटरवर सांगा आणि दोघांचा दर भरा. गुपचूप राहिलात आणि ते उघडकीला आलं, तर पैसे भरावे लागतीलच, शिवाय तुमच्यामागून येणाऱ्या सहकाऱ्यांकडेही त्याच नजरेने पाहिलं जाईल.

हा नुसता पैशांचा प्रश्न नाही. १९४८च्या कायद्यानुसार प्रत्येक हॉटेलला पाहुण्यांची नोंदवही ठेवावी लागते. रात्री आग लागली किंवा भूकंप झाला, तर खोलीत कोण होतं हे त्या नोंदीवरूनच कळणार. नोंदीत नसलेल्या माणसाला शोधायला कोण जाईल?

जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत हॉटेल घेतं. मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड लगेच हातात पडतं, पण त्यावर पत्ता नसतो. घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन तो नोंदवायचा. तोवर पासपोर्ट जवळच ठेवा.

लहान मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपणार असेल, तर त्याला ‘सोइने’ म्हणतात आणि बरीच हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत. वयाची अट हॉटेलागणिक वेगळी. मूल फुकट असलं तरी त्याचं नाव आणि वय आधी कळवायचंच.

मित्र भेटायला आला तर लॉबीत बसा. अनेक बिझनेस हॉटेलांत बाहेरच्या माणसाला खोलीत नेता येत नाही. घरी आलेल्याला चहासुद्धा न देता पाठवणं आपल्या जिवावर येतं, हे खरं. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते. मित्राची ती चुकलीच, तर त्याच्यासाठी काउंटरवर रिकामी खोली आहे का ते विचारा.

आईवडील आले की चौघापाचांना एकत्र राहायला तातामीच्या चटयांची खोली असलेलं जपानी पद्धतीचं हॉटेल, म्हणजेच र्‍योकान उत्तम. तिथे जेवणही माणसं मोजूनच रांधतात आणि साध्या सूपातही माशाचा अर्क असतो. शाकाहारी कोण, हे बुकिंग करतानाच लिहा.

निघण्यापूर्वी बुकिंगच्या ईमेलवरचा माणसांचा आकडा पाहा. चुकला असेल तर आजच हॉटेलला कळवा.